श्रमसाफल्यच्या कट्ट्यातला काळा दगड

मित्रांनो, मला भेटायचं तर तुम्हाला खाली वाकावं लागेल. मालाड पूर्वेला 'श्रमसाफल्य' नावाची नवी इमारत आहे आणि तिच्या फाटकाशी एक कट्टा आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मुलांच्या सायकली घासून घासून सिमेंट थोडं खरवडलं गेलं आहे. तिथून सुपारीएवढा काळा ठिपका डोकावतो. तोच मी. जातीनं काळा पत्थर आणि कामानं खडी. इमारत नवी आहे, मी नाही. तिच्या आधी इथे जी इमारत उभी होती, तिच्यातही मीच होतो.

माझं वय विचारू नका. डोंगराच्या पोटात किती काळ गेला हे डोंगरालाही सांगता आलं नसतं. माणसांच्या हिशेबानं मात्र माझा जन्म अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा मालाड-कांदिवलीच्या पूर्वेला दगडाच्या खाणी होत्या. शिटी वाजायची, माणसं लांब पळायची आणि सुरुंग उडायचा. अशाच एका सुरुंगानं मला डोंगरातून वेगळं केलं, मग क्रशरनं लहान केलं. डोंगराला पडलेली ती पोकळी मी ट्रकमधून जाताना पाहिली. ती भरून काढता येत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.

ट्रकनं मला आणून टाकलं ते श्रमसाफल्यच्या आवारात. गिरणीत काम करणाऱ्या, कोकणातून आलेल्या चोवीस कुटुंबांनी मिळून ही सोसायटी काढली होती. ज्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा स्लॅब ओतायचा होता, त्या दिवशी सकाळीच नारळ फुटला, सगळ्यांना गूळ-खोबरं मिळालं. मग खाली फावड्यांनी माल कालवायला सुरुवात झाली आणि घमेल्यांची रांग फळ्यांच्या उतारावरून वर चढू लागली. माल कालवणाऱ्यांत धाकू नावाचा एक तरुण होता आणि घमेली वाहणाऱ्यांत त्याची बायको रुक्मिणी. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मी रुक्मिणीच्या घमेल्यात होतो. त्या काळी माझा एक कोपरा फार टोकदार होता आणि घमेल्याचं बूड गंजून फाटलेलं होतं. त्या भोकातून मी तिच्या चुंबळीत घुसलो.

"आगो बाय! ही खडी टोचता," ती वरून ओरडली.

"टोचता तर टोचता," खालून धाकू म्हणाला. "टाकू नको हां! माल कमी पडात."

तिनं टाकलं नाही. दुसऱ्या हातानं चुंबळ सरकवली, मला तिसाव्या-चाळिसाव्या खेपेत वर नेलं आणि सळ्यांच्या जाळीवर ओतलं. कालवलेल्या सिमेंटनं मला चहूबाजूंनी धरलं. मी स्लॅब झालो. खरं सांगतो, त्या मुलीच्या मानेचं मला आजही नवल वाटतं.

पुढची पंचेचाळीस वर्षं मी एका स्वयंपाकघराचं छत होतो. त्या घरात लताबाई आणि त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश राहायचे. खाली बांगडे तळले जात, कुकरच्या शिट्या होत, चंद्रप्रकाशच्या पाठांतराचा आवाज येई. पहिली वीस वर्षं कुणी वर मान करून पाहिलं नाही. छताला यापेक्षा मोठी शाबासकी नसते. कुणी वर पाहत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून पाणी झिरपू लागलं. आधी एक ओलसर डाग, मग पोपडे. वरचे म्हणत पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणे मोरी वरच्यांची. या एका विषयावर बारा वर्षं मीटिंगा झाल्या आणि दर मीटिंगला चहा झाला. तेवढ्या वेळात माझ्या शेजारची सळई गंजली, फुगली आणि तिनं आम्हाला ढकलायला सुरुवात केली. दगडाला गंज लागत नाही हो, पण ढकलल्यावर दगड तरी काय करणार? एका दुपारी माझ्या खालचं ताटाएवढं सिमेंट निखळलं आणि खाली लताबाईंच्या खांद्यावर पडलं. त्यांचा हात सहा आठवडे गळ्यात बांधलेला होता. चंद्रप्रकाशनं वर पाहिलं, आणि त्या नजरेत आमच्यावरचा सगळा विश्वास संपलेला मला दिसला. मित्रांनो, मला आजवर इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी इमारत पाडायचं ठरलं. माणसं भाड्याच्या घरांत गेली, मशीन आलं आणि तीन आठवड्यांत श्रमसाफल्यचा ढीग झाला. ज्याला काल घर म्हणत त्याला आज सगळे मलबा म्हणू लागले. मलब्याचं पुढे काय होतं हे मी ट्रकवाल्यांच्या बोलण्यातून ऐकलं होतं. कुठेतरी खाडीच्या कडेला, तिवरांच्या झाडांच्या मुळांवर, गुपचूप गाडी रिकामी करायची आणि निघून यायचं. पंचेचाळीस वर्षं वर राहून शेवटी चिखलात जायचं, या विचारानं मी खचलो होतो.

तेव्हा नॅन्सी आली.

नॅन्सी ही बिल्डरची साइट इंजिनिअर. खाडीपलीकडच्या मनोरी गावची. रोज सकाळी बोटीनं मार्वेला यायची आणि तिथून रिक्षानं साइटवर. तिचे वडील, अर्बन नावाचे, खाडीत मासेमारी करत आणि तिवरांत खेकडे, चिंबोऱ्या पकडत. त्याच तिवरांवर कुणाकुणाच्या घरांच्या भिंती आणि संडासाच्या लाद्या येऊन पडताना ती लहानपणापासून पाहत आली होती. तिनं सोसायटीच्या कमिटीसमोर साधी गोष्ट मांडली. हा मलबा कारखान्यात नेऊ, सळ्या काढू, फोडून चाळून त्याची खडी करू आणि ती याच आवारात परत वापरू. इमारतीच्या खांबांत नाही. आवारातल्या वाटेत आणि फाटकाच्या कट्ट्यात. वाटेच्या खालच्या थरात सगळी जुनी खडी, आणि वरच्या थरात नि कट्ट्यात चार घमेल्यांत एक घमेलं जुनी, तीन नवी.

चंद्रप्रकाश आता सोसायटीचा सेक्रेटरी होता. पन्नाशीचा, कपाळावर कायम आठी.

"मॅडम, ज्या छतानं माझ्या आईचा खांदा मोडला, तेच तुम्ही पुन्हा आमच्या दारात घालणार?" तो म्हणाला.

"दगड खराब नव्हता, सर. गळतीनं लोखंड गंजलं. सिमेंटचे ठोकळे पाडून, ते दाबून टेस्ट करून दाखवते ना मी."

"मग ऐका. तुमचे ते टेस्टचे ठोकळे पास झाले तर ठीक. नापास झाले तर हा ढीग गेटच्या बाहेर. परत हा विषय काढायचा नाही."

गेटच्या बाहेर म्हणजे कुठे हे नॅन्सीला चांगलं ठाऊक होतं, आणि मलाही.

कारखान्यात आम्हाला लोखंडी जबड्यात घातलं. चुंबकानं सळ्यांचे तुकडे ओढून काढले, चाळण्यांनी लहानमोठे वेगळे केले. मी फुटलो नाही, सुटलो. फक्त माझा तो टोकदार कोपरा गेला आणि अंगाला जुन्या सिमेंटचा पांढुरका थर चिकटून राहिला. तशाच अवस्थेत आम्ही मालाडला परत आलो आणि आवारात नव्या खडीच्या शेजारी ओतले गेलो. नवी खडी काळीभोर, चकचकीत. आमच्याकडे बघून तिनं नाक मुरडलं असतं, पण खडीला नाक नसतं.

बांधकामाचा मुकादम कोण असावा? धाकू! केस पांढरे, गुडघे दुखरे, पण थापी हातात घेतली की तोच जुना धाकू. आता सगळे त्याला काका म्हणत. सत्तरी जवळ आली होती आणि हे आपलं शेवटचं काम असं त्यानं रुक्मिणीला सांगून टाकलं होतं. आमचा ढीग पाहून तो जरा थांबला. त्याच्या मनातही शंका होतीच. आयुष्यभर त्यानं मलबा बाहेर पाठवला होता, आत कधी आणला नव्हता.

एप्रिलमध्ये वाटेचा पहिला तुकडा ओतायचा ठरला. "आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारा," असं नॅन्सीनं सांगितलं होतं. मिक्सर चालवणाऱ्या सिद्धेशनं पाइप धरला आणि पाचेक मिनिटं फवारा मारला. वरचे भिजले. आत आम्ही ठणठणीत कोरडे राहिलो. सकाळी नॅन्सीनं पाणी मोजून दिलं आणि ती नव्या सिमेंटची गाडी उतरवून घ्यायला फाटकाकडे गेली. इकडे मिक्सरमध्ये गेलेल्या आमच्यातल्या दगडांच्या कोरड्या थरानं ते मोजलेलं पाणी बघता बघता पिऊन टाकलं. माल घट्ट झाला.

धाकूनं वाकून पाहिलं. "सिद्धेश, एक डबा घाल."

"काका, मॅडमनी मोजून दिलंय ना?"

"मोजून दिल्यान, पण माल बघ कसो झालो! हालता तरी काय? घाल म्हणतंय तर."

सिद्धेशनं एक डबा घातला. मग आणखी एक. माल झकास सरकू लागला, धाकू खूश झाला. त्याच मालातून सिद्धेशनं लोखंडी साच्यांत सहा ठोकळे भरले. पन्नास वर्षं धाकू असाच पाणी घालत आला होता, नजरेनं आणि हाताच्या अंदाजानं. मालात पाणी जास्त झालं तर तो कालवायला सोपा जातो पण सुकल्यावर कच्चा राहतो, हे त्याला माहीत होतं. दोन डब्यांनी काय होतंय, असंही त्याला वाटत होतं.

सात दिवसांनी तीन ठोकळे गोरेगावच्या लॅबमध्ये दाबून पाहिले. सात दिवसांत जेवढी ताकद यायला हवी होती, तिच्या जवळपासही ते गेले नाहीत. बाकीचे तीन अठ्ठाविसाव्या दिवसासाठी पाण्यात राहिले, पण त्यांच्याकडून कुणालाच आशा उरली नव्हती.

साइटवरच्या पत्र्याच्या शेडबाहेर, आमच्या ढिगाशेजारीच सगळे जमले. चंद्रप्रकाशच्या हातात रिपोर्ट होता.

"वाट लागली ना शेवटी? मी सांगत होतो. मॅडम, तुमचं काही म्हणणं आहे?"

नॅन्सी कागदाकडे बघत राहिली. "माझं गणित चुकलंय बहुतेक," ती हळूच म्हणाली. "पण कुठे ते कळत नाही."

"कळायची गरज नाही. उद्या गाडी बोलवा आणि हा ढीग उचला."

मी ऐकत होतो. धाकूही ऐकत होता. त्यानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. सिद्धेश बोलला नसता. शेवटचं काम, इतक्या वर्षांचं नाव. त्यानं टोपी काढली, हातात धरली आणि पुढे आला.

"साहेब, पाणी मी घातलं," तो म्हणाला. "दोन डबे. मॅडमचं गणित बरोबर होतं. मीच बिघडवलं."

नॅन्सीनं वर पाहिलं. "काका, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"पन्नास वर्षांत कोणी विचारलंच नाही, मॅडम. डबा किती घातला हे सांगायचं असतं, हेच आम्हाला ठाऊक नाही."

मित्रांनो, मी डोंगरात राहिलो आहे, सुरुंग सोसला आहे. पण सगळ्यांसमोर आपली चूक सांगताना त्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज हलला नाही, याला मी खरी ताकद म्हणतो. ती मोजायला लॅबमध्ये यंत्र नाही.

मग तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "पण माल घट्ट झाला कशाला? मापात पाणी होतं, तरी घट्ट?" तो आमच्या ढिगापाशी आला, खाली बसला आणि आतून एक दगड उचलला. तो दगड मी होतो, यात माझं काही कर्तृत्व नाही. दुसऱ्या हातानं त्यानं नव्या खडीतला एक दगड घेतला. दोघांना एका तळहातावर ठेवून सिद्धेशच्या बाटलीतलं पाणी त्यानं बोटानं आमच्यावर टाकलं. नव्या दगडावरून थेंब घरंगळून गेला. माझ्यावरचा थेंब माझ्या पांढुरक्या थरात शिरला आणि दिसेनासा झाला.

धाकूनं कपाळाला हात लावला.

"अरे, ही तर वीट आहे!" तो ओरडला. "मॅडम, आम्ही वीट कधी कोरडी लावतो काय? हौदात बुडवून ठेवतो. कोरडी लावली तर ती सिमेंटचं पाणी पिऊन टाकते आणि भिंत कच्ची राहते. शेंबडं पोरही विटा भिजवल्याशिवाय गवंड्याला देत नाही. आणि ह्या खडीला आम्ही तहानलेली घातली!"

नॅन्सीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मी वरून पाणी मारायला सांगितलं. बुडवायला सांगायला हवं होतं. ही माझी चूक, काका."

"अर्धी तुमची, अर्धी माझी," धाकू म्हणाला.

चंद्रप्रकाशनं हात पुढे केला. धाकूनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं स्वतः पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला, मग आणखी एक. मी दोन्ही प्यायलो. पंचेचाळीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर होतो आणि त्यानं मला हातात घेतलं ते आज पहिल्यांदा.

"अजून एकदा," तो शेवटी म्हणाला. "एकदाच. आणि पाणी घालताना मी इथे उभा राहणार."

आवारात विटा भिजवायचा हौद होताच. त्यात आम्हाला पूर्ण दिवस बुडवून ठेवलं. किती बुडबुडे निघाले म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी गोणपाटावर पसरून निथळवलं. "आतून ओली पाहिजे, वरून पाणी सुटलेलं नको," नॅन्सी सांगत होती, आणि धाकू मूठभर खडी हातात दाबून, तळवा बघून "आता झाली" म्हणत होता. तिचं माप आणि त्याचा तळवा, दोन्ही एकाच वेळी जुळले तेव्हाच मिक्सर सुरू झाला. चंद्रप्रकाश छत्री घेऊन भर उन्हात उभा राहिला. सिद्धेशनं सवयीनं डबा उचलला तेव्हा चंद्रप्रकाश आणि धाकू एकदमच ओरडले, "ठेव तो खाली!"

वाटेचा कच्चा तुकडा धाकूनं स्वतःच्या हातानं फोडला. दुखऱ्या गुडघ्यांनिशी, दुसऱ्या कुणाला पहार न देता.

मी या वेळी कट्ट्याच्या मालात गेलो. माझ्या शेजारचे काही दगड ठोकळ्यांत गेले. ते दाबून फुटण्यासाठीच होते, आणि ते फुटल्याशिवाय आम्हा बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्यांची आठवण मी ठेवली आहे. धाकूनं कट्ट्यावर थापी फिरवली, ओलं गोणपाट अंथरलं आणि पुढचे चौदा दिवस रोज तीनदा पाणी घातलं. सातव्या दिवसाचा रिपोर्ट चांगला आला. अठ्ठाविसाव्या दिवसाचा त्याहून चांगला. चंद्रप्रकाशनं तो उभ्यानं वाचला, चष्मा लावून परत वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "आईला दाखवतो," एवढंच म्हणाला. धाकूचा आणि नॅन्सीचा जीव भांड्यात पडला. मला जीव नाही म्हणतात, पण माझंही तसंच काहीतरी झालं.

मी बढाई मारत नाही. मी नव्या खडीची सगळी जागा घेऊ शकत नाही. चार घमेल्यांत एक, एवढीच माझी हिंमत. पण ते एक घमेलं डोंगरात राहिलं आणि एक घमेलं मलबा तिवरांत गेला नाही. असं एकेक घमेलं करतच माणसांनी डोंगर संपवला होता. वाचेल तर तोही तसाच वाचेल.

इमारत पूर्ण झाली, माणसं राहायला आली. पूजेच्या दिवशी धाकू रुक्मिणीला घेऊन आला. ती दोघं जवळच्या कुरारच्या चाळीत राहतात. जी इमारत दोघांनी एकदा आणि धाकूनं दुसऱ्यांदा बांधली, तिच्यात त्यांचं घर नाही, आणि हे बोलून दाखवायची त्यांना सवयही नाही. रुक्मिणीची मान आता थोडी वाकडी राहते. फाटकाशी आल्यावर तिला दम लागला.

"बस गो हंयसर," धाकू म्हणाला. "कट्टो माझो हा."

ती कट्ट्याजवळ आली, हातानं चाचपून पाहिलं. "खडी खंयची घातलास?"

"तीच. तू डोक्यावरसून वायलेली."

रुक्मिणी पदर सावरून बसली, नीट मागे टेकून, सगळा भार टाकून.

"तेव्हा मी तिका डोक्यार घेतलंय," ती म्हणाली. "आता तिना माका घेवंक होया."

मी घेतलं. आजवर उचललेल्या सगळ्या भारांत मला तो सर्वांत आवडला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. छताला ओला डाग दिसला तर तो लहान असतानाच वर जाऊन पाइप बघा, चहाच्या मीटिंगा नंतर करा. आणि जुनं काही फेकायला निघालात तर आधी त्याला हातात घेऊन बघा. कदाचित ते संपलेलं नसेल, नुसतं तहानलेलं असेल.

कधी मालाडला आलात तर कट्ट्यावर बसा. मी आता टोचत नाही.